दोन सातशे

अमेरिकेतल्या स्वस्त प्रीपेड फोनच्या तांत्रिक माहितीत ‘७०० मेगाहर्ट्झ’ हा उल्लेख हमखास सापडतो. बीएसएनएलच्या ४जी टॉवरांवरून आपल्याकडे खेडोपाडी जी लहर सोडली जाते, तीही ७०० मेगाहर्ट्झचीच. आकडा अगदी तोच. तरीही त्या अमेरिकन फोनला या लहरीवर एकही शब्द ऐकू येत नाही. फोन नवा आहे, सिम चालू आहे, टॉवर समोरच्या टेकाडावर दिसतो आहे, आणि पडद्यावर रेंज शून्य. मुलीने किंवा भाच्याने परदेशातून हौसेने आणलेला फोन कपाटात पडून राहतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. यात फोन बिघडलेला नसतो आणि टॉवरही बिघडलेला नसतो.

मोबाइलवरचं बोलणं दुहेरी असतं. फोन टॉवरशी एका वारंवारतेवर बोलतो आणि टॉवर फोनशी दुसऱ्या वारंवारतेवर. या दोन वारंवारता-पट्ट्यांची जोडी म्हणजे एक बँड. ‘७०० मेगाहर्ट्झ’ हे त्या जोडीचं नुसतं आडनाव आहे. ओळख पटते ती बँडच्या क्रमांकावरून. अमेरिकेतल्या बँड १२ मध्ये फोन ६९९ ते ७१६ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि टॉवर ७२९ ते ७४६ वर. आशियातल्या बँड २८ मध्ये फोन ७०३ ते ७४८ वर बोलतो आणि टॉवर ७५८ ते ८०३ वर. आता हे आकडे एकमेकांवर ठेवून पाहा. अमेरिकन फोन ७२९ ते ७४६ वर कान लावून बसलेला असतो, आणि भारतात नेमक्या त्याच जागी टॉवर गप्प असतो, कारण ती जागा इथल्या फोनांनी बोलायची आहे.

बँडच्या क्रमांकावरून वारंवारतेचा अंदाज येत नाही, हेही इथेच सांगून टाकू. बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड ४० म्हणजे २३००. चढता-उतरता क्रम शोधायला गेलात तर डोकं दुखेल. ५जीच्या क्रमांकाआधी ‘एन’ लावतात, म्हणून एन२८, एन७८. क्रमांक पाठ असायची गरज नाही, पण आपल्या घरात येणारे दोन-तीन क्रमांक माहीत असावेत. फोन विकत घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकीच चौकशी या क्रमांकांची व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

हे मत कशामुळे, ते समजायला लहरीचा स्वभाव पाहावा लागेल. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते. १८०० ची साडेसोळा-सतरा, ३३०० ची नऊ, आणि २६ गिगाहर्ट्झची जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर. लहर जितकी लांब तितकी ती अडथळ्याच्या कडेवरून वळून पलीकडे उतरते. सह्याद्रीच्या दरीतल्या वाडीला टॉवर सरळ दिसत नाही. मध्ये डोंगराची धार असते. त्या धारेवरून खाली झिरपणारा सिग्नल ७०० किंवा ८५० चा असेल तर कामापुरता उरतो, ३३०० चा बहुधा उरत नाही. मोकळ्या हवेतही फरक मोठा आहे. फोनमधल्यासारख्या छोट्या अँटेनाने पकडायचं झालं, तर तेवढ्याच अंतरावरून तेवढ्याच शक्तीने सोडलेल्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीतून हाती लागणारी शक्ती ७०० च्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी असते. त्यात भिंती आल्या. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती, गावठाणातली दगडी घरं, शहरातलं लोखंड घातलेलं काँक्रीट, कार्यालयांच्या खिडक्यांची धातूचा पातळ थर दिलेली काच, या साऱ्यांतून वरच्या वारंवारतेची लहर जास्त मार खाऊन आत येते. अंगणात पाच काड्या आणि माजघरात एकही नाही, हा अनुभव घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग सगळ्यांनी खालचेच बँड का वापरले नाहीत? कारण तिथे जागा नाही. ७०० च्या बँडमध्ये एका कंपनीला येण्या-जाण्यासाठी दहा-दहा मेगाहर्ट्झची वाट मिळते. ३३०० मध्ये काही कंपन्यांनी शंभर-शंभर मेगाहर्ट्झ घेतले आहेत. दादरच्या पुलावर संध्याकाळी हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ पाहत असतात. त्यांना दहा मेगाहर्ट्झ कुठून पुरणार? गर्दीला वरचा बँड लागतो आणि अंतराला खालचा. जाहिरातीत मात्र वेगाचेच आकडे असतात. वेग वरच्या बँडमुळे मिळतो, म्हणून ग्राहकही वरच्याच बँडची विचारपूस करतो. खालचा बँड फोनमध्ये नाही हे त्याला गावी गेल्यावर कळतं.

या खालच्या बँडची किंमत सरकारला आणि कंपन्यांना मात्र पहिल्यापासून ठाऊक होती, आणि त्या किमतीनेच तो आपल्याकडे अनेक वर्षं रिकामा ठेवला. २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झची देशभरासाठीची राखीव किंमत एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये होती. एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरी गिऱ्हाईक नाही. २०२२ च्या ५जी लिलावात ३,९२७ कोटी झाल्यावर जिओने देशातल्या २२ही दूरसंचार परिमंडळांत दहा मेगाहर्ट्झ उचलले आणि त्यावर ५जी सुरू केलं. बीएसएनएलसाठी सरकारने याच बँडचा हिस्सा बाजूला ठेवला होता; त्यावर तिचं ४जी उभं राहिलं. डोंगराळ आणि विरळ वस्तीसाठी सर्वांत उपयोगी असलेली वारंवारता सहा वर्षं विक्रीला ठेवून पडून राहिली, आणि त्या सहा वर्षांत बाजारात आलेल्या असंख्य फोनांमध्ये बँड २८ घालण्याची कुणाला निकड वाटली नाही. आज बीएसएनएलचं सिम टाकल्यावर जुना ४जी फोन २जीवरच अडकून बसतो, त्यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ इथे आहे.

अमेरिकेतलं सातशे वेगळं का झालं, ती गोष्ट टीव्हीची आहे. ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झ ही तिथे टीव्हीच्या ५२ ते ६९ क्रमांकाच्या वाहिन्यांची जागा होती. प्रत्येक वाहिनीला सहा मेगाहर्ट्झ. जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद करून ती जागा मोबाइलला द्यायचं ठरलं, २००८ मध्ये मोठा लिलाव झाला आणि १२ जून २००९ रोजी देशभरातली मोठी टीव्ही केंद्रं डिजिटलवर गेली. पण जागा तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या अटींवर विकली गेली. एटी अँड टी या कंपनीचा तुकडा वेगळा, व्हेरायझन कंपनीचा वेगळा, पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी राखलेला वेगळा. त्यामुळे एका सातशेत बँड १२, १३, १४ आणि १७ असे चार बँड जन्माला आले. व्हेरायझनच्या बँड १३ मध्ये तर फोन वरच्या बाजूला बोलतो आणि टॉवर खालच्या बाजूला, म्हणजे नेहमीच्या उलट. एटी अँड टीचे फोन बँड १७ पुरतेच बनले. छोट्या ग्रामीण कंपन्यांकडे बँड १२ चा जो भाग होता, तो त्या फोनांना ऐकूच येत नव्हता. एकाच देशात, एकाच सातशेवर, शेजारशेजारच्या कंपन्यांचे फोन परस्परांच्या जाळ्यावर चालेनात. हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि २०१३ मध्ये एटी अँड टीने बँड १२ चे फोन आणण्याचं मान्य केल्यावर मिटला.

आशिया-पॅसिफिकमधल्या देशांनी ही जागा रिकामी होत असताना एकत्र बसून विचार केला. २०१० मध्ये त्यांनी एकच सलग आराखडा ठरवला: खाली ४५ मेगाहर्ट्झ फोनांना, मध्ये दहाची मोकळी फट, वर ४५ मेगाहर्ट्झ टॉवरांना. हाच बँड २८. भारताने तो घेतला, ऑस्ट्रेलियाने घेतला, पुढे लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांनीही घेतला. माझ्या मते अलीकडच्या दूरसंचाराच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. आराखडा एक असला की फोन मोठ्या संख्येने बनतो, आणि मोठ्या संख्येने बनला की स्वस्त होतो.

तरीही त्यात एक मेख राहिली, आणि ती फोनच्या पोटात आहे. अँटेनाकडून आलेल्या गोंधळातून हवी तेवढीच वारंवारता पुढे सोडणारा एक बारीक सुटा भाग फोनमध्ये असतो, त्याला फिल्टर म्हणतात. रवा चाळायची चाळण आणि पीठ चाळायची चाळण वेगळी असते, तसा जवळजवळ प्रत्येक बँडला वेगळा फिल्टर लागतो. स्वस्त फोनमध्ये बँड कमी असतात ते यासाठी. सुटा भाग वगळला की पैसे वाचतात आणि जागाही वाचते. बँड २८ चे ४५ मेगाहर्ट्झ एका फिल्टरला सहज झेपणार नाहीत इतके रुंद आहेत. मग उत्पादकांनी त्याचे ३०-३० मेगाहर्ट्झचे, मध्ये एकमेकांवर चढणारे दोन भाग केले. २८ए आणि २८बी. युरोपने या बँडचा फक्त खालचा ३० मेगाहर्ट्झचा भाग मोबाइलला दिला, म्हणून युरोपसाठी बनलेल्या काही फोनांत २८ए एवढाच असतो. माहितीपत्रकात नुसतं ‘२८’ छापलेलं असतं.

याच कारणाने एका नावाच्या फोनच्या तीन-चार आवृत्त्या निघतात. बाहेरून हुबेहूब, डब्यावरचं नाव तेच, मॉडेल क्रमांक मात्र वेगळा. भारतासाठीची, अमेरिकेसाठीची, चीनसाठीची. महागड्या फोनांत आता इतके बँड भरतात की हा फरक बराचसा मिटला आहे. पण पंधरा-वीस हजारांच्या आतल्या फोनला तो पुरेपूर लागू होतो. म्हणून दुकानदाराला फोनचं नाव विचारून थांबू नका, मॉडेल क्रमांक विचारा. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या जागी तो असतो, खोक्याच्या बाजूला छापलेला असतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकासमोर बँडची यादी मिळते. विक्रेत्याच्या पानावरची यादी पुष्कळदा दुसऱ्याच आवृत्तीची उचललेली असते.

अमेरिकन फोनची एक सुदैवी बाजूही आहे. तिथली पहिली व्यापारी मोबाइल सेवा १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत सुरू झाली ती ८५० मेगाहर्ट्झच्या आसपास. भारताने १९९५ मध्ये युरोपची जीएसएम पद्धत आणि तिचा ९०० मेगाहर्ट्झचा बँड घेतला. ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला पहिला कॉल त्याच पद्धतीवरचा. पण पुढे रिलायन्स आणि टाटा सीडीएमए घेऊन आल्या. ते तंत्र अमेरिकन, त्यामुळे त्याच्यासोबत अमेरिकेची ८५० ची मांडणीही इथे आली. सीडीएमए संपलं, ती जागा ४जीला मिळाली आणि तिचा बँड ५ झाला, अमेरिकेत आहे तोच. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. म्हणून अमेरिकेतून आलेला साधा फोन बीएसएनएलच्या सातशेवर बहिरा असला, तरी जिओच्या ८५० वर ऐकू शकतो. एअरटेलच्या ४जीचा भर मुख्यतः बँड १, ३, ८ आणि ४० वर आहे, व्होडाफोन-आयडियाचा १, ३, ८ आणि ४१ वर. बीएसएनएलला २८ आणि १ लागतात. ५जीसाठी एन७८ सर्वत्र हवा, आणि जिओ असेल तर एन२८ सुद्धा. कंपन्यांकडचा साठा परिमंडळागणिक कमी-जास्त असतो. मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. त्यामुळे ठाण्यातल्या मित्राचा अनुभव सावंतवाडीला लागू पडेलच असं नाही.

बँड जुळला म्हणजे कॉल लागला, असंही नाही. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली तेव्हा तिच्याकडे २जी नव्हतं, ३जीही नव्हतं. आवाजसुद्धा ४जीवरूनच जायचा. त्या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. ज्यांच्या फोनला ४जी होतं पण व्होल्टी नव्हतं, त्यांचं इंटरनेट धावायचं आणि कॉलसाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागायचं. व्होल्टी ही प्रत्येक कंपनीपुरती फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू करून द्यावी लागते. परदेशी आवृत्तीत भारतीय कंपनीची ती नोंद नसेल, तर सगळे बँड असूनही बोलणं होत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात भारतात ५जी सुरू झालं तेव्हा आयफोनवाल्यांना हेच भोगावं लागलं: आत सर्व काही होतं, पण अद्ययावत सॉफ्टवेअर डिसेंबरात आलं, तोवर ५जी नाही. शिवाय जिओचं ५जी ४जीच्या आधाराविना स्वतंत्र चालतं, एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या आधाराने. सुरुवातीच्या काळातल्या काही ५जी फोनांना यातली एकच पद्धत जमायची.

व्होल्टी हा जिवावरचा मुद्दा आहे, हे ऑस्ट्रेलियाने दाखवून दिलं. २०२४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं. काही फोन ४जीवर रोजचे कॉल नीट करायचे, पण ०००, म्हणजे तिथला आपत्कालीन क्रमांक, लावायची वेळ आली की गुपचूप ३जीकडे वळायचे. ३जी गेल्यावर असा फोन हातात असून रुग्णवाहिका बोलावता आली नसती, आणि मालकाला रोजच्या वापरातून ते आधी कळलंही नसतं. म्हणून असे फोन जाळ्यावर घ्यायचेच नाहीत, असा नियम कंपन्यांवर घालावा लागला. परदेशातून आणवलेले पुष्कळ फोन त्यात अडकले. आपल्याकडे २जी अजून अनेक ठिकाणी आधाराला आहे. पण म्हाताऱ्या आईवडिलांसाठी फोन निवडताना, आणलेल्या फोनवरून त्यांच्याच सिमने, डेटावर चालणारं कुठलंही अ‍ॅप न वापरता साधा कॉल लागतो का, हे पहिल्याच दिवशी पाहायला हवं. आयफोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकन आवृत्तीत सिम घालायचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम. गावी फोन बंद पडला की सिम काढून शेजाऱ्याच्या बटणांच्या फोनमध्ये टाकायची जी सोय असते, ती यात नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला असा फोन देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. हप्त्यावर घेतलेला अमेरिकन फोन त्या कंपनीला बांधलेला असतो, तेही आधी सोडवून घ्यावं.

घरात कोणता बँड येतो, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो आणि त्यात चालू बँडचा क्रमांक दिसतो. अँड्रॉइडसाठी हे दाखवणारी मोफत अ‍ॅप आहेत. ज्याचा फोन त्या घरात नीट चालतो त्याचा फोन घ्या, घराच्या सर्वांत आतल्या खोलीत जा, दार लावा आणि क्रमांक पाहा. अंगणात ४० किंवा ४१ दिसेल, आत गेल्यावर बहुधा ५, ८ किंवा २८ येईल. नव्या फोनमध्ये असायलाच हवा तो हा आतला क्रमांक.

उलट दिशेचा प्रवास दरवर्षी ऑगस्टमध्ये होतो, मुलं शिकायला अमेरिकेला निघतात तेव्हा. पुण्यात घेतलेल्या फोनमध्ये तिथले २, ४ किंवा ६६ हे शहरी बँड असतील तर विद्यापीठाच्या आवारात अडचण येत नाही. शहर सोडून महामार्गाला लागलं की टी-मोबाइलला बँड ७१ लागतो, व्हेरायझनला १३, एटी अँड टीला १२. भारतीय आवृत्तीत, विशेषतः मध्यम किमतीच्या फोनांत, हे बहुतेक नसतात. बँड ७१ हा ६०० मेगाहर्ट्झचा. टीव्हीच्याच आणखी वाहिन्या हटवून २०१७ मध्ये संपलेल्या लिलावात विकला गेलेला, आणि टी-मोबाइलने त्याच्यासाठी जवळपास आठ अब्ज डॉलर मोजले. एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत ३जी बंद केल्यापासून मान्य फोनांची यादीच ठेवली आहे. यादीबाहेरचा फोन, बँड जुळत असले तरी, जाळ्यावर घेतला जात नाही. *#०६# डायल केल्यावर जो पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो त्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर घालून तपासता येतो. हे काम विमानात बसण्यापूर्वी, नवा फोन इथे घ्यायचा की तिथे हे ठरवायच्याही आधी, घरबसल्या पाच मिनिटांत होतं.